चाकाचा एक फेरा

सायकलला मीटर बसवून देण्याचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आपसूक येत राहिलं आहे. आधी स्वतःची सायकल, मग गटातल्या मैत्रिणींच्या, मग सोसायटीतल्या मुलांच्या. खोक्यावर सायकल कॉम्प्युटर असं छापलेलं असतं, पुण्यात आम्ही त्याला मीटरच म्हणतो. हँडलवर छोटी डबी, पुढच्या चाकाच्या चिमट्यावर सेन्सर, स्पोकवर चुंबक, एवढाच त्याचा संसार. पण त्याने मला एक गोष्ट पक्की शिकवली. पडद्यावरचा आकडा कुठून निघाला आणि कुठल्या वाटेने आपल्यापर्यंत आला हे ठाऊक असेल, तरच त्याच्यावर किती विसंबायचं ते ठरवता येतं. त्या वाटेवर जे जे भेटलं, ते इथे टिपते आहे.

१. मीटरला वेग कळत नाही, त्याला फक्त फेरा कळतो. हे समजलं तेव्हा मी खरोखर थक्क झाले होते. सेन्सरच्या आत काचेची बारीक नळी असते आणि तिच्यात दोन पातळ धातूच्या पात्या, एकमेकींपासून केसभर अंतरावर. चुंबक जवळून गेला की त्या चिकटतात, पुढे सरकला की सुटतात. या रीड स्विचचा शोध वॉल्टर एलवूड यांनी १९३६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये लावला. ताशी २५ किलोमीटरने जाताना पात्या सेकंदाला तीनदा, क्वचित चारदा चिकटतात, आणि डबीला बाहेरच्या जगाची बातमी मिळते ती इतकीच. बाकी वेग, अंतर, सरासरी हा सगळा डबीने मांडलेला हिशेब. त्याही आधी, १८९५ मध्ये, कर्टिस व्हीडर यांनी सायक्लोमीटर केला होता. त्यात स्पोकवरची खुंटी दर फेऱ्याला एक दाता पुढे ढकलायची आणि आकडे फिरायचे. साधनं बदलली, पण मोजायचा तो फेराच राहिला.

२. चाकाचा घेर आपण सांगतो, मीटर तो निमूटपणे खरा मानतं. सोबतच्या कागदावर तक्ता असतो: ७०० × २३ टायरला २०९६ मिलिमीटर, ७०० × ३२ ला २१५५, २६ × १.९५ ला २०५०. तक्ता चांगलाच असतो, पण तो आपल्या सायकलवर बसलेला नसतो. टायरमधली हवा आणि स्वाराचं वजन यांनी घेर थोडा बदलतो. म्हणून मी फरशीवर खडूने रेघ मारते, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणते, सायकलवर बसते आणि कुणाला तरी हलकेच ढकलायला सांगते. पाच फेरे झाले की दुसरी रेघ, मधलं अंतर मोजायचं आणि पाचाने भागायचं. नुसती सायकल ढकलून मोजलं तर उत्तर काही मिलिमीटर जास्त येतं, कारण वजनाविना टायर दबत नाही. फरक क्षुल्लक वाटतो, पण लांबच्या वाटेवर तो साठत जातो. टायर ३२ चा आणि मीटरमध्ये घेर २३ चा असेल, तर खरे २०० किलोमीटर झाले तरी पडदा साडेएकशे चौऱ्याण्णवच दाखवेल. ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या, रूटशीटवर वळणं किलोमीटरने लिहिलेली असतात. अनोळखी रस्त्यावर रात्री साडेपाच किलोमीटर म्हणजे चांगले दोन फाटे हुकण्याइतकं अंतर.

३. चुंबक स्पोकवर कुठेही लावा, आकडा तोच येतो. सोसायटीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "मावशी, चुंबक रिमजवळ नेला तर तो जास्त जोरात फिरेल ना? मग वेग वाढेल का?" प्रश्न इतका चांगला होता की आम्ही दोघींनी तो करूनच पाहिला. रिमजवळ चुंबक खरोखर वेगाने जातो, हबजवळ सावकाश, पण फेरा दोन्हीकडे एकच मोजला जातो आणि डबी फक्त फेरेच विचारते. मग जागा कशावरून ठरवायची? चुंबक आणि सेन्सर यांच्यातल्या फटीवरून. तारेच्या बहुतेक मीटरना ती फट दोन-तीन मिलिमीटर लागते, पाचाच्या पुढे गेली की बेभरवशाची होते. हबजवळ चुंबक सेन्सरसमोरून सावकाश जातो, म्हणून पात्यांना चिकटायला वेळही जास्त मिळतो. जाड चिमट्याच्या सायकलला ही सवलत फार उपयोगी पडते. सेन्सरवर एक रेघ किंवा खूण असते, चुंबकाचा मध्य तिच्यासमोरूनच जायला हवा. बसवताना माझा सगळ्यात जास्त वेळ या एका खुणेवर जातो आणि तो वेळ दर वेळी सार्थकी लागतो.

४. तार सरळ नेण्यापेक्षा ब्रेकच्या केबलच्या संगतीने न्यावी. पुढच्या ब्रेकची केबल हँडल पूर्ण वळलं तरी ताणली जात नाही, कारण बनवणाऱ्याने तिची लांबी विचार करूनच ठेवलेली असते. मीटरची तार तिच्याभोवती सैल पीळ देत खाली आणली की तो विचार आपल्याला आयता मिळतो. खाली उतरल्यावर ती चिमट्याच्या मागच्या अंगाने न्यायची, म्हणजे वाऱ्याने किंवा फांदीने ओढली गेली तरी स्पोकमध्ये जायची नाही. केबल टाय आधी सगळे सैल लावायचे. मग हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवायचं, ब्रेक दाबायचा, सस्पेन्शन असेल तर पुढे वजन टाकून दाबून पाहायचं, आणि त्यानंतरच टाय आवळायचे. उरलेली शेपटं अगदी मुळाशी कापायची, नाहीतर सायकल उचलताना हाताला ओरखडा ठरलेला. या पाच मिनिटांच्या कवायतीत सायकल कुठे कुठे हलते ते डोळ्यांना दिसतं. स्थिर उभ्या सायकलकडे बघून ते कधीच लक्षात आलं नसतं.

५. बिघाड शोधायला वाटेच्या मधोमध उभं राहावं. मीटर बंद पडलं की आपण सहसा एका टोकाकडे धावतो, कुणी बॅटरी बदलतं, कुणी नवा सेन्सर आणतं. तारेच्या मीटरमध्ये डबी ज्या बैठकीवर सरकून बसते, तिथे दोन धातूचे ठिपके असतात आणि डबीच्या पाठीवर त्यांचे जोडीदार. डबी काढून घ्यायची आणि पाठीवरचे दोन ठिपके पेपरक्लिपने पटापट जोडत-सोडत राहायचं. पडद्यावर वेग उमटला, तर डबी, बॅटरी, सेटिंग सगळं ठीक आहे आणि दोष बैठकीपासून खाली आहे. उमटला नाही, तर चाकाकडे बघायची गरजच नाही. खालचा भाग तपासायला मल्टिमीटर बैठकीच्या ठिपक्यांना लावून चाक हाताने फिरवायचं. दर फेऱ्याला बीप यायला हवा. न आल्यास सुटा चुंबक सेन्सरसमोर हातानेच फिरवून पाहायचा. तेव्हा बीप आला तर दोष फटीत, नाही आला तर सेन्सरमध्ये किंवा तारेत. हा मार्ग मला एका सायकलवाल्या काकांनी दाखवला. शाळेत विज्ञानाच्या तासाला जे शिकायचं राहून गेलं होतं, ते त्यांच्या दुकानाच्या पायरीवर मला मिळालं.

६. शून्य परवडतं, अर्धा आकडा परवडत नाही. मीटर शून्य दाखवत असेल तर काहीतरी तुटलंय हे लगेच कळतं. पण तुम्ही ताशी चोविसाने जात असताना ते बारा दाखवत असेल, तर आधी स्वतःच्याच पायांवर शंका येते. याचा अर्थ असतो एक फेरा मोजला, एक सुटला. स्पोकवर चुंबक जरासा फिरलेला असतो, किंवा पंक्चर काढून चाक परत बसवताना फट बदललेली असते. हळू जाताना सगळं ठीक आणि वेग वाढला की आकडा कोसळतो, हे याच आजाराचं लक्षण. वेगात चुंबक इतक्या झटक्यात जातो की सीमेवरची फट पुरत नाही. उलट सपाट रस्त्यावर अचानक सत्तर-ऐंशीचा आकडा चमकला, तर खराब रस्त्याच्या हादऱ्याने अर्धवट तुटलेल्या तारेतले धागे आपापसांत जुळत-सुटत असतात आणि मीटर त्यालाही फेरे समजतं. म्हणून कमाल वेगाचा आकडा मी नेहमी बघते. त्या दिवशी एकही उतार नसताना तिथे भलताच आकडा दिसला, तर आधी तार तपासायला घेते.

७. पावसाळा बॅटरीच्या आधी धातूच्या ठिपक्यांना गाठतो. बहुतेक मीटरमध्ये सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी असते: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, दाब ३ व्होल्ट. ती चांगली टिकते. पण जुलैत ताम्हिणीकडे दोन फेऱ्या झाल्या की बैठकीवरचे ठिपके हिरवट होतात आणि बॅटरी नवी असूनही मीटर गप्प राहतं. तेव्हा साधं शाळेचं खोडरबर हळुवार घासावं, कोरड्या फडक्याने पुसावं आणि सिलिकॉन ग्रीसचं अगदी पुसट बोट फिरवावं. पॉलिश पेपर वापरला तर वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात गंज लवकर धरतो. बॅटरी बदलण्याआधी एकूण किलोमीटर आणि घेर कागदावर लिहून ठेवावा. बऱ्याच मीटरमध्ये तो एकूण आकडा पुन्हा भरता येतो, पण तो आठवायला हवा. आणि एक गोष्ट मी प्रत्येक घरात आवर्जून सांगते: जुनी बॅटरीसुद्धा लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. ही नाण्याएवढी बॅटरी पोटात जाताना अन्ननलिकेत अडकली, तर दोन-तीन तासांतही गंभीर इजा होते. मूल ठीक दिसत असलं तरी तडक दवाखाना गाठावा.

८. तार गेली म्हणजे वाट गेली असं नाही, ती फक्त दिसेनाशी होते. साध्या वायरलेस मीटरचा सेन्सर अशक्त रेडिओलहर सोडतो आणि ती साठ-सत्तर सेंटिमीटरच्या पुढे नीट पोचत नाही. म्हणून सेन्सर चिमट्यावर शक्य तितका वर आणि डबीकडे तोंड करून लावायचा. दिवसा उत्तम चालणारं मीटर पहाटेच्या अंधारात चक्रावलं, तर शेजारचा एलईडी दिवा बंद करून पाहावा. काही दिव्यांचं सर्किट नेमक्या तशाच लहरींचा गोंगाट करतं, आणि दिवा हँडलच्या दुसऱ्या बाजूला हलवला की मीटर ताळ्यावर येतं. नवे सेन्सर एएनटी प्लस किंवा ब्लूटूथवर २.४ गिगाहर्ट्‌झला बोलतात आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे एकदा ओळख पटली की दुसऱ्याच्या सायकलचा आवाज ऐकला जात नाही. पण ती ओळख करून देताना एकटं असावं. राइडच्या सुरुवातीला सगळे जमलेले असताना जोडणी केली, तर शेजारणीच्या चाकाशीही नातं जुळू शकतं.

९. आकाशातून मोजणाऱ्या यंत्राला घाट अवघड जातो, आणि तिथे ते जुनं चुंबकाचं चाकच त्याला सांभाळून घेतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. डबी त्यांच्या संकेतांवरून दर सेकंदाला किंवा काही सेकंदांनी आपली जागा ठरवते आणि त्या ठिपक्यांमध्ये सरळ रेघ ओढते. हायवेला हे झकास चालतं. वरंध्यासारख्या घाटात वळण पूर्ण व्हायच्या आत रेघ आतून कापून जाते आणि अंतर थोडं घटतं. एका बाजूला कातळाची भिंत, वर दाट झाडी असेल तर कड्यावर आपटून आलेले संकेत ठिपका भलतीकडे फेकतात. साताऱ्याहून परतताना खंबाटकीच्या बोगद्यात तर आकाशच नाही. चाकाचा सेन्सर जोडलेला असेल तर अंतर आणि वेग चाकावरून घेतला जातो आणि बोगद्यातही मोजणी चालू राहते. गंमत वाटते ती पुढे: मोकळ्या सपाट रस्त्यावर तेच मीटर जीपीएसवरून चाकाचा घेर स्वतः काढून घेऊ शकतं. एकाला जिथे दिसत नाही तिथे दुसरा बघतो. ही जोडी मला फार आवडते.

१०. उंची मोजणारं यंत्र खरं तर हवा मोजत असतं. महागड्या मीटरमध्ये वायुदाबमापक असतो. वर चढलं की हवेचा दाब कमी होतो, आणि साधारण आठ-नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल या हिशेबाने ते उंची सांगतं. पण दाब हवामानानेही बदलतो. ढग दाटून दाब तीन हेक्टोपास्कलने उतरला, तर टपरीवर चहा पीत उभी असताना मी पंचवीस मीटर ‘चढलेली’ असते. म्हणून निघताना माहीत असलेली उंची भरून घ्यावी. आपल्याकडे याची सुंदर सोय आहे: रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पुणे शहर साधारण ५६० मीटरवर आहे, सिंहगडाचा माथा १३१२ च्या आसपास. हे दोन आकडे लक्षात असले की मीटर किती भरकटलंय ते गडावर पोचताच कळतं. पाऊस किंवा घामाचे क्षार साचून दाबमापकाचं बारीक छिद्र बुजलं तरी उंची अडकून बसते. ते गोड्या पाण्याने धुवावं, टाचणी कधीही खुपसू नये.

११. सरासरी अचूक असते, तिचा अर्थ मात्र आपल्याला शिकावा लागतो. दहा किलोमीटरचा घाट ताशी दहाने चढलात आणि तोच चाळिसाने उतरलात, तर सरासरी पंचवीस येईल असं मन म्हणतं. मीटर सोळा दाखवतं आणि मीटरच बरोबर असतं: चढायला एक तास, उतरायला पाव तास, म्हणजे वीस किलोमीटरला सव्वा तास. वेळ खाल्ला तो चढाने, आणि उतारावर कितीही जीव टाकला तरी तो पुरता परत येत नाही. हे कळल्यापासून मी उतारावर जिवावर उदार होणं सोडून दिलं, आणि चढावर दम टिकवणं शिकायला घेतलं. दुसरी गोष्ट, मीटरची सरासरी बहुधा फक्त चाक फिरत असतानाची असते. ब्रेव्हेचं घड्याळ मात्र २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ६०० ला चाळीस तास देतं आणि त्यात चहा, पंक्चर, डुलकी सगळं धरलेलं असतं. म्हणून पडद्यावर मी सरासरीच्या शेजारी निघाल्यापासूनचा एकूण वेळ ठेवते. शेवटचं चेकपॉइंट गाठायचं की नाही हे तो दुसरा आकडा ठरवतो.

१२. मीटर ज्याचं त्याने बसवावं. आता मुलं खोकं घेऊन आली की मी पाना, खडू आणि मोजपट्टी त्यांच्याच हातात देते आणि शेजारी बसते. वेळ जास्त लागतो. घेर मोजताना भांडणं होतात, भागाकार पुन्हा करावा लागतो. पण ज्या मुलीने स्वतः फेरे मोजून घेर भरला आहे, तिला पडद्यावरचे आठ किलोमीटर म्हणजे आपल्याच चाकाचे जवळजवळ चार हजार फेरे आहेत हे कळतं, आणि तो आकडा तिचा होतो. तीच मुलं मग पुढे येऊन विचारतात की मोबाइलला पावलं कशी कळतात, रिक्षाचं मीटर काय मोजतं, घरातलं विजेचं मीटर कुणी तपासलंय. सगळ्याच प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नसतात, काही आम्ही मिळून शोधतो. दिसलेल्या आकड्याला "तू आलास कुठून?" असं विचारायची सवय त्यांना लागली, की माझ्या मते मीटर नीट बसलं.